सिंगल 'चार्टवर आलं' म्हणण्याआधी या चुका टाळा

कोथरूडच्या एखाद्या जॅमरूममधून निघालेलं रॉक सिंगल, म्हणजे एकटंच काढलेलं गाणं, शुक्रवारी रिलीज होतं आणि रविवारपर्यंत पोस्टर फिरायला लागतं: 'वर्ल्ड चार्टवर नंबर १!' कुठला चार्ट, कुठल्या देशाचा, कुठल्या आठवड्याचा, काही पत्ता नाही. एरवी पुण्यात पाटी लावताना 'दुपारी १ ते ४ बंद' लिहायला कोणी विसरत नाही. इथे मात्र सगळं मोघम. बँडवाले, त्यांच्यावर कॉलेजच्या अंकात लिहिणारे आणि आवडत्या बँडच्या सिंगल्सचे तक्ते करणारे, तिघांच्या चुका साधारण त्याच असतात.

सगळे चार्ट एकाच मापाचे समजणं

बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-मासिकाचा हॉट १०० हा जगाचा नाही, अमेरिकेचा चार्ट आहे. त्यात स्ट्रीमिंग, विक्री आणि तिथल्या रेडिओवरचं वाजणं, तिन्ही धरतात. बिलबोर्डचा ग्लोबल २०० सप्टेंबर २०२०मध्ये सुरू झाला. त्यात २००हून जास्त देश-प्रदेशांतलं स्ट्रीमिंग आणि विक्री येते, रेडिओ नाही. जर्मनीचा चार्ट तर किती प्रती खपल्या यापेक्षा किती पैसे आले यावर लागतो. त्यामुळे 'हॉट १००वर ४०, ग्लोबलवर ९०, म्हणजे जगात कमी चाललं' हे गणित चुकीचं आहे.

२०२०च्या आधीच्या गाण्यांसाठी 'जागतिक क्रमांक' शोधत बसू नका. देशवार तक्ता करा.

आयट्यून्सची, म्हणजे अ‍ॅपलच्या गाणी विकणाऱ्या दुकानाची, यादी वेगळीच. ती विक्रीची आहे आणि दिवसभर हलत राहते. जिथे डाउनलोड विकत घेणारे मोजकेच उरलेत, तिथे बँडच्या मित्रमंडळींनी एका संध्याकाळी गाणं घेतलं तरी ते वर चढतं. स्क्रीनशॉट खरा असतो, अर्थ खोटा निघतो. 'आयट्यून्स, भारत, रॉक विभाग, अमुक तारीख' असं लिहिलंत तर कोणाची हरकत नाही. स्पॉटिफायच्या 'व्हायरल' यादीचंही तसंच: गाणं किती वेगानं पसरतंय हे ती सांगते, एकूण किती ऐकलं गेलं हे नाही.

भारतात २०२१मध्ये आयएमआय या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने सुरू केलेला टॉप २० सिंगल्स चार्ट फक्त आंतरराष्ट्रीय गाण्यांचा आहे. आपलं गाणं त्यात का दिसत नाही म्हणून वितरकाला (गाणं अ‍ॅप्सवर पोचवणाऱ्या कंपनीला) मेल पाठवण्यात हशील नाही.

तारखेचा घोळ

सगळ्यात जास्त तक्ते इथे बिघडतात. मोजणीचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार असतो. ६ जून २०२५च्या शुक्रवारी आलेलं सिंगल धरा. त्याची मोजणी ६ ते १२ जून. ब्रिटनचा चार्ट लगेच १३ जूनला लागतो. बिलबोर्डचा चार्ट त्याच मोजणीचा, पण त्यावर तारीख असते शनिवार, २१ जूनची. कोणी २१ जून पाहून मागचे सात दिवस मोजतो आणि पहिला आठवडाच गमावतो. तक्त्यात चार्टवर छापलेली तारीखच लिहा, मोजणीची नको.

याच कारणासाठी शुक्रवार सोडून रिलीज करू नका. बीटल्सचं 'नाऊ अँड देन' २ नोव्हेंबर २०२३ला, गुरुवारी दुपारी आलं. ब्रिटनच्या त्या आठवड्यात मोजायला जेमतेम दहा तास उरले होते, म्हणून ते आधी ४२व्या जागी दिसलं आणि पूर्ण आठवडा मिळाल्यावर पहिलं आलं. बीटल्सना हे परवडतं. नव्या बँडचे पहिल्या दिवशीचे श्रोते एका आठवड्यात आणि उरलेले दुसऱ्यात गेले, तर दोन्हीकडे हाती काही लागत नाही.

तक्त्यातली रिकामी चौकट म्हणजे 'पडलं' नव्हे

नो डाउटचं 'डोन्ट स्पीक' अमेरिकेच्या रेडिओ चार्टवर १६ आठवडे पहिलं होतं, हॉट १००वर मात्र कधीच आलं नाही. कारण सरळ होतं: तेव्हा दुकानात सिंगल म्हणून विक्रीला नसलेलं गाणं हॉट १००मध्ये धरतच नसत. डिसेंबर १९९८मध्ये ती अट गेली. लेड झेपेलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' त्या काळी विक्रीसाठी सिंगल म्हणून काढलंच नव्हतं. तेव्हा चौकट रिकामी दिसली की आधी नियम बघा, मग मत द्या.

'बबलिंग अंडर' या बिलबोर्डच्या हॉट १००खालच्या यादीतला ३रा क्रमांक १०३ असा लिहू नका. त्या २५ जागांच्या यादीत हॉट १००मध्ये अजून न शिरलेलीच गाणी असतात. वरून घसरलेली नसतात. शंभर मिळवून आकडा जुळत नाही.

एकच सर्वोच्च क्रमांक लिहून मोकळं होणं

क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' १९७५-७६मध्ये ब्रिटनला ९ आठवडे पहिलं, अमेरिकेत ९वं. फ्रेडी मर्क्युरी गेल्यावर १९९१च्या अखेरीस ते ब्रिटनमध्ये पुन्हा पहिलं आलं, ५ आठवडे. १९९२मध्ये अमेरिकेत २रं. एका ओळीत '१ आणि २' लिहिलंत तर १९७६ची अमेरिका पुसली जाते. दोन फेऱ्या, दोन ओळी.

उलट टोकाला द किलर्सचं 'मिस्टर ब्राइटसाइड'. ब्रिटनमध्ये सर्वोच्च क्रमांक फक्त १०, पण पहिल्या शंभरात ४००हून जास्त आठवडे. आठवड्यांचा रकाना नसलेला तक्ता या गाण्याबद्दल काहीच सांगत नाही.

ब्रिटनमध्ये एखादं गाणं एका आठवड्यात धाडकन खाली आलं तर लोकांनी ऐकणं सोडलं असं लगेच समजू नका. जुलै २०१८पासून तिथे पैसे भरून ऐकलेले १०० किंवा फुकट ऐकलेले ६०० स्ट्रीम म्हणजे एक विक्री. गाण्याला चार्टवर किमान १० आठवडे झाले आणि सलग ३ आठवडे उतरण लागली की हाच भाव दुप्पट होतो, २०० आणि १,२००. ऐकणारे तितकेच राहतात, मोजणी अर्धी होते.

गाणं ऐकलं जातंय, पण आकडे जुळत नाहीत

आधी आयएसआरसी तपासा. हा प्रत्येक रेकॉर्डिंगची ओळख पटवणारा १२ अक्षर-आकड्यांचा कोड: पहिली ५ कोड देणाऱ्याची ओळख, पुढचे २ वर्षाचे, शेवटचे ५ त्या रेकॉर्डिंगचे. वितरक बदलताना तेच रेकॉर्डिंग नव्या कोडनं चढवलं की जुने स्ट्रीम मागे राहतात आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. जुना कोड मागून घ्या, तोच द्या, नवी प्रत दिसायला लागल्यावरच जुनी काढा. लाइव्ह किंवा रीमिक्सला मात्र नवाच कोड हवा.

बँडचं नाव प्रत्येक रिलीजला अक्षरशः एकसारखं ठेवा. एकदा देवनागरीत, एकदा रोमनमध्ये, एकदा मध्ये टिंब, असं झालं की दोन-तीन प्रोफाइल तयार होतात आणि श्रोते विखुरतात.

स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट ठरवणाऱ्या संपादकांकडे गाणं रिलीजच्या किमान ७ दिवस आधी मांडावं लागतं. फाइल त्याआधी तिथे पोचलेली हवी, म्हणून वितरकाकडे ३-४ आठवडे आधी द्या. स्ट्रीम धरला जातो तो ३० सेकंद ऐकल्यावर. दीड मिनिटाचा गिटारचा आलाप जरूर ठेवा, फक्त तीस सेकंदांच्या आत श्रोत्याला थांबायला काही कारण द्या.

आणि स्ट्रीम विकत घेऊ नका. २०२४पासून उघड बनावट स्ट्रीम सापडले की स्पॉटिफाय वितरकाकडून गाण्यामागे दंड घेतं आणि वितरक तो बँडच्या माथी मारू शकतो. यूट्यूबनेही सप्टेंबर २०१९मध्ये पैसे देऊन मिळवलेले जाहिरातींचे व्ह्यूज आपल्या संगीत चार्टच्या मोजणीतून काढले. व्हिडिओखालचा आकडा फुगतो, चार्टवरची जागा तीच राहते.