मिशनरी शाळेत ॲडमिशन घ्यायचीय? आधी शाळेचा इतिहास काढा

ॲडमिशनचा सीझन आला की सगळे फी विचारतात, बोर्ड विचारतात, पण शाळा कोणी काढली आणि कोणासाठी काढली हे कोणी विचारतच नाही, माझ्या मते तर पहिला प्रश्न हाच पाहिजे, कारण शाळेत आज जे काही चालतं त्याचं मूळ बरेचदा तिथेच असतं.

सगळ्या मिशनरी शाळा सारख्या नसतात, म्हणून आधी चालवणारी संस्था कुठली ते बघा. माझगावचं सेंट मेरीज (१८६४), पुण्याच्या कॅम्पातलं सेंट व्हिन्सेंट्स (१८६७), मुंबईचं सेंट झेवियर्स हायस्कूल (१८६९) या जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) फादरांच्या शाळा. या लोकांनी १५९९ सालीच शिकवायची पद्धत लिहून काढली होती, ‘रॅशिओ स्टुडिओरम’ म्हणून, आणि वादविवाद, नाटक, वक्तृत्व हे त्यांच्या शिक्षणात तेव्हापासून आहे. त्यामुळे अशा शाळेत गेलात की डिबेट, इलोक्युशन कसं चालतं ते नक्की विचारा. खेळाचंही विचारा, सुनील गावसकर झेवियर्सचेच विद्यार्थी.

डॉन बॉस्कोच्या शाळांचं वेगळं. डॉन बॉस्को हे कॅथलिक फादर, ते इटलीत तुरिनला कामाच्या शोधात आलेल्या गरीब पोरांसाठी झटले, त्यांना हातात काहीतरी हुन्नर दिला, म्हणून सेलेशियन लोकांच्या, म्हणजे त्यांनी काढलेल्या संघाच्या, कामात टेक्निकल शिक्षणाला एवढं महत्त्व. मुलाला हाताने काही बनवायची आवड असेल तर त्या अंगाने चौकशी करा.

आता धर्माचं, कारण घरची मोठी माणसं हेच आधी विचारतात. राज्यघटनेचं कलम २८(३) वाचून ठेवा. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसायची सक्ती करता येत नाही. बऱ्याच ठिकाणी कॅथलिक मुलांना कॅटेकिझम, म्हणजे त्यांचं धर्मशिक्षण, असतं आणि त्याच तासाला बाकीच्यांना मॉरल सायन्स, तुमच्या शाळेत काय आहे ते सरळ विचारा, विचारण्यात संकोच कसला!

आणि आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के लॉटरीवर इथे अवलंबून राहू नका. २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तो कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, आणि मिशनरी शाळा बहुतेक त्यातच येतात, म्हणजे शाळेचा फॉर्म आणि तारखा तुम्हालाच बघाव्या लागणार. कॅथलिक असाल तर बाप्तिस्म्याचा दाखला काढून ठेवा, बहुतेक वेळा मागतात.

शेवटचं, माहितीपत्रकावर जाऊ नका हो, त्यात सगळंच छान असतं. शाळेचे मागच्या दोन-तीन वर्षांचे वार्षिक अंक मिळाले तर चाळा, स्काउट, आरएसपी (रोड सेफ्टी पेट्रोल), समाजसेवेचं काम यात दरवर्षी तीच चार मुलं दिसतात की सगळ्या वर्गांतली दिसतात ते बघा आणि मग नववी-दहावीतल्या मुलांच्या आईवडलांशी बोलून घ्या, पहिलीतल्या पालकांना अजून काही माहीत नसतं.