गाडी सेल्फ घेत नाही? नवी बॅटरी आणण्याआधी या चुका टाळा

डिसेंबरातली सकाळ. अजिंक्यताऱ्यावरून गार वारं उतरलेलं आणि साताऱ्याच्या गोडोलीत दारात उभी माझी जुनी डिझेल गाडी. किल्ली फिरवली की नुसतं एक 'कट'. पुन्हा फिरवली, पुन्हा 'कट'. शेजारच्या काकांनी गच्चीवरूनच निदान केलं, "बॅटरी गेली बघ!" दुपारपर्यंत सहा हजारांची नवी बॅटरी बसवून मी मोकळा झालो. ऊन पडलं होतं, गाडी झटक्यात लागली. तीन आठवड्यांनी तशाच गार सकाळी पुन्हा तोच 'कट'.

शेवटी एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनांनी मला सेल्फ मारायला लावला आणि मल्टिमीटरची (व्होल्ट-करंट मोजायच्या छोट्या यंत्राची) एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवली. आकडा आला दीड व्होल्ट. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच समजायचा. इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी नटाखाली गंजून गेली होती. त्यांनी ती खरवडली, नट आवळला, चहाला होतील एवढेच पैसे घेतले. जुनी, धडधाकट बॅटरी तोवर मी एक्सचेंजमध्ये देऊन बसलो होतो.

तेव्हापासून माझ्या डिकीत साधा मल्टिमीटर असतो. तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि हजारो वाचवतो.

'कट' कोणता, ते आधी ऐका

हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे विझल्यासारखे मंद झाले आणि 'कटकटकट' असा भराभर आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे लख्ख राहिले आणि एकच 'कट' आला, तर दोष स्टार्टरमध्ये (म्हणजे सेल्फच्या मोटरमध्ये), सोलेनॉइडमध्ये (तिला करंट जोडणाऱ्या स्विचमध्ये) किंवा अर्थिंगमध्ये शोधा. त्या सकाळी माझे दिवे लख्खच असणार, पण बघितलं कुणी?

मग आकडे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, किल्ली फिरवण्याआधी किंवा दिवे लावण्याआधी मीटर बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावून मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. गाडी नुकतीच चालवून आणून मोजलीत तर आकडा फसवा येतो, कारण चार्जिंगचा वरवरचा जोर तेव्हा उतरलेला नसतो. सेल्फ मारताना व्होल्टेज पडणारच, पण भरलेली बॅटरी साडेनऊच्या खाली गेली तर ती खरंच थकली आहे. मग खुशाल बदला.

थंडीत बॅटरी जाते असा आपला समज आहे. खरं तर तिचं आयुष्य मार्च ते मे मध्ये बोनेटखालच्या उष्णतेने खाल्लेलं असतं. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त करंट लागतो आणि बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. उन्हाळ्यातलं दुखणं मग डिसेंबरात बाहेर येतं.

चालू गाडीचं टर्मिनल काढू नका

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती अजूनही ठामपणे शिकवली जाते. 'इंजिन चालू ठेव, मायनस काढ. गाडी बंद पडली तर डायनामो खराब, नाही पडली तर चांगला.' जुन्या जीपच्या जमान्यात ते खपून गेलं. आज अल्टरनेटर (आजच्या गाडीतला डायनामो) जोरात चार्ज करत असताना बॅटरी अचानक सुटली, तर व्होल्टेज क्षणात उसळतं आणि इंजिनचा कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीचा कंप्युटर, जळू शकतो. त्याच्या किमतीत चार-पाच बॅटऱ्या येतील.

बरोबर पद्धत अगदी सोपी आहे. गाडी चालू करा, मीटर बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. हेडलाइट आणि एसीचा ब्लोअर लावून थोडं ॲक्सिलरेटर दाबा, तरी तो साडेतेराच्या आसपास टिकला पाहिजे. चालू गाडीत १२.३ वगैरे दिसत असेल तर चार्जिंग होतच नाही. बेल्ट, कार्बन ब्रश, रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग), मागची जोडणी, याच क्रमाने बघा. सतत १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला आहे आणि तो बॅटरीतलं पाणी उडवतो आहे. मात्र अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत मायनसवर छोटा सेन्सर असतो आणि कंप्युटर गरजेप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करतो. तिथे एखादा कमी आकडा पाहून अल्टरनेटर उतरवायला सांगू नका. थोडा वेळ चालवून पुन्हा मोजा.

चालताना डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, तर त्याचा अर्थही चार्जिंग बंद झालं असा असतो. खंबाटकीच्या चढाला तो लागला तर आधी सुरक्षित जागी थांबून बेल्ट बघा. काही गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर चालतो. बेल्ट तुटला असेल आणि तशीच गाडी रेटलीत तर इंजिन तापून बॅटरीचं दुखणं हेड गॅस्केटपर्यंत (इंजिनच्या आतल्या सीलपर्यंत) जाईल. बेल्ट शाबूत असेल तर एसी, गाणी, चार्जर बंद करा आणि गॅरेज येईपर्यंत इंजिन बंद करू नका.

ट्रकवाल्याची मदत, आणि आपला उतार

हायवेवर बंद पडलात तर ट्रकवाला आपणहून थांबतो, माणूस भला असतो. पण त्याच्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तिथून जंप (केबल जोडून दुसऱ्या बॅटरीचा करंट) घेऊ नका, कारमधून कारलाच द्या. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून.

आम्हा सातारकरांना तर जंपर केबल लागतच नाही, निम्मं गाव उतारावर! गाडी उताराला लावायची आणि सकाळी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. कधीतरी ठीक. रोजचंच झालं तर मूळ दोष महिनोन्महिने तसाच राहतो. शिवाय इंजिन लागेपर्यंत ब्रेक आणि स्टिअरिंग जड असतं. ऑटोमॅटिक गाडीला हा उपाय नाहीच.

पाच मिनिटं चालू ठेवून काही होत नाही

मुलं पुण्याला, गाडी साताऱ्यात. बाबा दर रविवारी खाली उतरतात, पाच मिनिटं गाडी चालू ठेवतात आणि फोनवर सांगतात, "केली रे चार्ज." सेल्फ मारायला जे खर्च झालं ते जेमतेम भरून निघतं, बाकी काही नाही. बॅटरी कायम अर्धपोटी राहिली की प्लेटांवर सल्फेट कडक होतं. निदान पाऊण-एक तास हायवेला फिरवा, नाहीतर चार्जर घ्या. ४५ अँपिअर-तासाच्या बॅटरीला चार-साडेचार अँपिअरने रात्रभर, हवेशीर जागी.

उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म, कंप्युटर थोडा करंट घेतात. ५० मिलीअँपिअरपर्यंत चालतं, तरी तेवढ्यानेसुद्धा ४५ ची बॅटरी अठरा-एकोणीस दिवसांत निम्मी होते. बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा ॲम्प्लिफायर अर्धा अँपिअर खात असेल तर तेच दोन दिवसांत. मायनसची वायर काढून ती आणि टर्मिनल यांच्या मधे मीटर १० अँपिअरवर लावा, कंप्युटर झोपेपर्यंत अर्धा तास थांबा, मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, चोर त्याच वाटेवर. मीटर मधे असताना सेल्फ मात्र मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

पाणी आणि पावडर

पाण्याची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचं, बोअरचं नको, घरच्या आरओचंही नको. ॲसिड तर कधीच वरून घालायचं नाही. एकाच कप्प्यातलं पाणी सारखं कमी होत असेल तर तो सेल गेलाय. मेंटेनन्स-फ्री बॅटरीवरचा हिरवा ठिपका बघून निर्धास्त होऊ नका, तो सहापैकी एकाच सेलचं सांगतो.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने निघते. झाकणं घट्ट लावून मगच धुवा. मायनस आधी काढा आणि शेवटी लावा, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी भडका होणार नाही. वर व्हॅसलिनचा हात फिरवा.

सांगलीच्या पाहुण्यांची गाडी २०१९ च्या पुरात बोनेटपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर त्यांनी 'लागते का बघू' म्हणून किल्ली फिरवली नाही, मायनस सोडून गाडी ओढत गॅरेजला नेली. वायरिंग वाचलं. अल्टरनेटरची बेअरिंग मात्र गाळामुळे दोन महिन्यांनी ओरडायला लागली, म्हणून पुरातली गाडी 'लागली' म्हणजे सुटलो असं समजू नका.

आणि हो, महिनाभर गाडी उभी ठेवायची म्हणून मायनस काढणार असाल, तर त्याआधी किल्लीने दार उघडतंय का ते एकदा करून बघा. रिमोट तेव्हा चालणार नाही, आणि बोनेटचा खटका आत असतो.