ओव्हनमधले कुरकुरीत बटाटे

बटाटा जुना, पिठूळ घ्या. नव्यात पाणी फार, म्हणून मी तो रश्श्यासाठी ठेवते. अर्धा किलो सोलून मोठ्या फोडी करा. उकळत्या पाण्यात मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून आठ-दहा मिनिटं शिजवा. सोड्यानं कडा मऊ पडतात. निथळून वाफ पूर्ण जाऊ द्या, इथे घाई नकोच. मग झाकण लावून पातेलं चांगलं हलवा. प्रत्येक फोडीवर लगद्याचा थर चढायला हवा, तोच पुढे कुरकुरीत होतो. ट्रेमध्ये शेंगदाणा तेल २२० अंशांवर आधी तापवा, फोडी सुट्ट्या मांडा. पाऊण तास भाजा, मध्ये एकदा उलटा. ठेचलेला लसूण अगदी शेवटच्या पाच मिनिटांत. आधी घातला तर करपून कडू लागतो.