बर्फातल्या इवल्या पक्ष्यांचं चित्र पाहताना या चुका टाळा

बर्फाळ फांदीवर पिसं फुलवून बसलेले चिमुकले पक्षी आपल्या बडोदेकरांना हमखास चकवतात. आपला हिवाळा म्हणजे कमाटी बागेत सकाळी अंगात असलेला स्वेटर दहा-अकरापर्यंत कमरेला. चित्रातली थंडी किती जीवघेणी आहे ते पटकन ध्यानात येत नाही आणि आपण पक्ष्याच्या चेहऱ्यावर भलतेच भाव वाचत बसतो.

'बिचारा, किती उदास बसलाय!' ही त्यातली सगळ्यात मोठी चूक. पिसं फुलवली की त्यांच्यात हवा अडकते आणि अंगाची ऊब टिकते. पक्षी दुलई पांघरून बसलाय, इतकंच. अंग जितकं लहान तितकी ऊब लवकर निसटते, म्हणून चिमणीएवढ्या जिवाला हे जास्तच करावं लागतं. एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतलेला पक्षी लंगडा नसतो. आपला गोंधळ मात्र अगदीच बिनबुडाचा नाही. एप्रिलच्या भर दुपारी गॅलरीत असाच फुगून बसलेला पक्षी खरंच आजारी असू शकतो. बैठक तीच, अर्थ उलटा. शंका आली तर डोळे मिटू लागलेत का, पंख लोंबताहेत का, शेजारचेही तसेच बसलेत का, ते बघा.

आता उलट प्रकार. भोवती बर्फच बर्फ आणि पक्षी मात्र सडपातळ, पिसं अंगाला चिकटलेली, मान ताठ. घाबरलेला पक्षी पिसं अशी आवळून घेतो, तेव्हा कोपऱ्यात मांजर किंवा शिकारी पक्षी शोधा. काहीच सापडलं नाही, तर चित्रकाराने पेंढा भरलेला पक्षी समोर ठेवून काम उरकलं असेल!

लाल छातीचे दोन रॉबिन दिसले की 'जोडपं' म्हणून मोकळे होऊ नका. युरोपातल्या या रॉबिनची मादी नरासारखीच दिसते आणि हिवाळ्यात तीही स्वतःचा इलाखा राखते, त्यासाठी गातेसुद्धा. ते दोघे भांडणाच्या तयारीतही असू शकतात.

नुसते पक्षी बघून पुढे जाऊ नका, आणि नुसती माणसंही. थोरल्या पीटर ब्रूगेलच्या 1565 च्या एका हिवाळी चित्रात गोठलेल्या नदीवर लोक मजेत घसरताना दिसतात. उजवीकडे बर्फात काठीवर तिरपी टेकवलेली जड फळी आहे, तिच्याभोवती पक्षी. तो सापळा आहे.

निळ्या सावल्या हा छपाईचा दोष नव्हे. उन्हातल्या बर्फावर सावलीत आकाशाचा रंग उतरतो. आणि सावली लांब म्हणून संध्याकाळ ठरवू नका. उत्तर युरोपात डिसेंबरात भर दुपारीही सूर्य खालीच असतो.