ड्युसेलडॉर्फचं आल्टश्टाट: पहिल्या शुक्रवारी जाण्याआधी

नव्या ऑफिसातले लोक शुक्रवारी ‘आल्टश्टाटला भेटू’ म्हणाले की हाइन्रिख-हाइने-आले स्टेशनला उतरायचं. हाउप्टबानहोफहून, म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशनहून, ऊ-बानने (मेट्रोने) तिसरा थांबा. अर्ध्या चौरस किलोमीटरच्या या जुन्या भागात सुमारे २६० पब आणि खाण्यापिण्याच्या जागा आहेत. शनिवारी रात्री बोल्करश्ट्रासं या रस्त्यावर बॅचलर पार्ट्यांची झुंबड असते, त्यामुळे तिथलं ५३ नंबरचं कवी हाइन्रिख हाइनेचं जन्मघर दिवसाच बघून घ्या. बसून बोलायचं असेल तर राटिंगर श्ट्रासं बरी.

ब्राउहाउसमधला, म्हणजे स्वतःची बिअर बनवणाऱ्या पबमधला, वेटर म्हणजे क्योबेस. तो तिरकस बोलतो. ती रीतच आहे, मनाला लावून घेऊ नका. छोट्या ग्लासात, बहुतेक पाव लिटर, तांबूस आल्टबिअर येते. लहान ग्लास अशासाठी की ती कोमट व्हायच्या आत संपावी. ग्लास रिकामा झाला की न विचारता दुसरा येतो आणि तुमच्या बिअरडेकलवर, म्हणजे ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर, पेन्सिलीची एक रेघ पडते. पुरे झालं की तोच पुठ्ठा ग्लासावर झाकून ठेवायचा. नुसतं ‘नाइन’ (नको) म्हणून भागेलच असं नाही. त्या रेघा हेच बिल असल्यामुळे पुठ्ठा खिशात घालू नका, ओला करू नका, शेजाऱ्याशी अदलाबदल तर नकोच. कोल्श मागू नका. ती कोलोनची बिअर, आणि दोन्ही शहरांचं वैर जुनं आहे.

न पिणाऱ्यांनी अप्फेलशोर्ले, म्हणजे सोडा घातलेला सफरचंदाचा रस, मागवावं. शाकाहारींनी नावांवर जाऊ नये: ‘हाल्वे हान’चा अर्थ अर्धा कोंबडा, पण ताटात येतो राय (rye) या धान्याचा पाव आणि चीज. उलट ‘हिमेल उन एअड’ म्हणजे स्वर्ग आणि पृथ्वी. त्यात सफरचंद-बटाट्याबरोबर रक्ताचं सॉसेज असतं. ‘मेटब्रोट्शन’वर कच्चा डुकराचा खिमा. राइबेकूखन, म्हणजे किसलेल्या बटाट्याची धिरडी, सफरचंदाच्या सॉसबरोबर छान लागतात. पिठात अंडं असतं, हे अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

बिलाच्या वेळी नवे लोक हमखास फसतात. बिल १७.६० युरो, तुम्ही वीसची नोट देत सवयीने ‘डांके’ (धन्यवाद) म्हणालात, तर उरलेले टिप समजून क्योबेस निघून जातो. एकोणीस द्यायचे असतील तर नोट देतानाच ‘नॉइन्त्सेन’ म्हणा. वेगवेगळं बिल हवं असेल तर ‘गेट्रेंट’. सुटे युरो जवळ ठेवा, टॉयलेटच्या दाराशी पैसे टाकायची बशी असते.

परतताना भाड्याची ई-स्कूटर टाळाच. दारूबाबत तिला गाडीचेच नियम लागतात: मर्यादा रक्तात ०.५ प्रोमिलं (दर हजारी) अल्कोहोल, आणि जर्मन लायसन्स प्रोबेझाइटमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या परीक्षाकाळात, असेल किंवा वय २१ च्या आत असेल तर शून्य. या भागात चाकूबंदी असते, तेव्हा किल्ल्यांच्या जुडग्यातली घडीची सुरी घरी ठेवा. ओळखपत्र मात्र सोबत हवं.

आणि कार्निव्हलच्या आधीच्या गुरुवारी, आल्टवायबरला, चांगला टाय घालून जाऊ नका. बायका तो कात्रीने कापतात.