उद्यानातले वायफाय : घरातून निघण्यापूर्वीची तयारी

सांगलीच्या आमराईत असो किंवा आपल्या वॉर्डातल्या एखाद्या लहान बागेत, जिथे सार्वजनिक वायफाय मिळते तिथे ते वापरण्याची तयारी बाकावर बसल्यावर नव्हे, तर आदल्या रात्री घरी निवांतपणे करावी. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना मी हे आग्रहाने सांगतो, कारण चुका बहुधा घाईत होतात. अर्जाची मुदत संपत आलेली असते, फोनमधला डेटा संपलेला असतो आणि समोर दिसेल त्या नेटवर्कला फोन जोडला जातो.

पहिले काम म्हणजे फोन आणि लॅपटॉप अद्ययावत करणे. नव्या अपडेटमध्ये सुरक्षेच्या जुन्या त्रुटी बुजवलेल्या असतात, म्हणून ते टाळू नये. मात्र ते घरच्या इंटरनेटवरच उरकावे. त्यानंतर वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन खुल्या नेटवर्कला आपोआप जोडले जाण्याची सोय बंद करावी आणि पूर्वी कुठेकुठे जोडलेली जुनी खुली नेटवर्क यादीतून काढून टाकावीत. माझ्या भाचीचा फोन एका प्रवासात असाच तिच्या नकळत जोडला गेला होता. नुकसान काही झाले नाही, पण त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पासवर्ड नसलेले नेटवर्क फोन केवळ नावावरून ओळखतो आणि तेच नाव आपल्या यंत्राला देण्यापासून कोणालाही कोणी अडवू शकत नाही. लॅपटॉपवर विंडोज असेल तर नवे नेटवर्क जोडताना ते ‘पब्लिक’ प्रकारचे असल्याचे नोंदवावे, म्हणजे आपला संगणक इतरांना दिसत नाही. फाइल पाठवण्याच्या सोयी, म्हणजे एअरड्रॉप किंवा क्विक शेअर, फक्त ओळखीच्या लोकांपुरत्या ठेवाव्यात.

फुकटचे व्हीपीएन, म्हणजे आपले इंटरनेट एखाद्या कंपनीच्या सर्व्हरमधून गुप्तपणे नेणारे ॲप, घेण्याचा सल्ला मी देत नाही. व्हीपीएनमुळे बागेतल्या नेटवर्कऐवजी त्या कंपनीवर विश्वास ठेवावा लागतो, इतकाच फरक पडतो. कंपनी अनोळखी असेल तर आपण उलट अधिक धोका पत्करतो. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएस, म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात पाठवण्याची पद्धत, वापरतात आणि त्यामुळे मधल्या माणसाला मजकूर वाचता येत नाही. मात्र पत्त्याशेजारचे कुलूप पाहून संकेतस्थळ खरे आहे असे समजू नये, कारण खोट्या संकेतस्थळालाही ते कुलूप सहज मिळते. पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा किंवा घरीच बुकमार्क करून ठेवावा.

अर्जाचे शुल्क किंवा बँकेचे व्यवहार यांसाठी थोडा मोबाइल डेटा राखून ठेवावा, आणि तेवढ्यापुरते वायफाय बंद करून पैसे भरावेत. प्रश्नपत्रिका आणि नोट्स घरीच उतरवून घ्याव्यात. पिशवीत पॉवर बँक आणि हेडफोन असावेत. दिव्याच्या खांबातून निघालेल्या वायरला चार्जर जोडण्याचा प्रयत्न, विशेषतः पावसाळ्यात, जिवावर बेतू शकतो.

उद्यानात पोहोचल्यावर आधी फलक वाचावा. नेटवर्कचे नेमके नाव, वेळ आणि डेटाची मर्यादा त्यावर असेल तर ती पाळावी. नसेल तर पहारेकऱ्याला किंवा कार्यालयात विचारावे. एकसारखी दोन नावे दिसली तर खात्री होईपर्यंत एकालाही जोडू नये. सार्वजनिक वायफाय देणाऱ्याने वापरणाऱ्याची ओळख पटवून घ्यावी अशी आपल्याकडे पद्धत आहे, म्हणून मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागितला जाणे स्वाभाविक आहे. आधार क्रमांक, एटीएम कार्डाचा तपशील किंवा पिन मागितला तर मात्र तिथेच थांबावे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या पीएम-वाणी या सार्वजनिक वायफायच्या योजनेखालचा हॉटस्पॉट वापरायचा असेल, तर त्यासाठीचे ॲप घरीच अधिकृत स्टोअरमधून घ्यावे. बागेत उघडलेल्या पानावरच्या लिंकवरून कोणतेही ॲप घेऊ नये.

एका गोष्टीवर मी थोडे अधिक बोलणार आहे. शेजारी बसलेला कोणी ‘माझा ओटीपी येत नाही, तुमच्या नंबरवरून जोडून द्या’ असे म्हणतो आणि आपल्याला नाही म्हणणे जड जाते. पण त्या जोडणीवरून जे काही केले जाईल त्याची पहिली चौकशी आपल्या क्रमांकापाशी येऊन थांबते. नम्रपणे नकार द्यावा. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल ओळख अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६सी (66C) खाली गुन्हा असून त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोकळ्या नेटवर्कवर गंमत म्हणून इतरांच्या फोनमध्ये डोकावणाऱ्या मुलांनीही कायद्याची जाणीव ठेवावी.

वायफाय सर्वांत वाटले जाते, हे अक्षरशः खरे आहे. एकाच चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते, बाकीची वाट पाहतात. लांब बसलेल्याचा कमकुवत सिग्नल असलेला फोन सावकाश बोलतो, त्यामुळे तेवढ्याच कामाला तो अधिक वेळ घेतो आणि सगळ्यांचा वेग कमी करतो. म्हणून जमेल तेवढे वायफाय देणाऱ्या यंत्राच्या जवळ, मध्ये दाट झाडी येणार नाही असे बसावे. पानांमधले पाणी लहरी शोषून घेते आणि वायफायच्या दोन प्रकारच्या लहरींपैकी ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना त्याचा फटका २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा जास्त बसतो. आंब्याच्या दाट सावलीत, पावसानंतर, हा फरक चांगलाच जाणवतो. फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप बंद ठेवावा. उच्च प्रतीचा चित्रपट तासाला सुमारे ३ जीबी खातो, आणि त्याच वेळी शेजारच्या बाकावर कोणी अर्ज भरत असते.

बागेतून निघताना पोर्टलवरून, म्हणजे जोडताना ओटीपी मागणाऱ्या पानावरून, लॉगआउट करावे आणि नेटवर्क फोनमधून काढून टाकावे. पुढचे काही दिवस बँकेचे संदेश नीट पाहावेत. खात्यातून न कळता पैसे गेले तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आणि बँकेलाही कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा व्यवहाराची माहिती मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर तोटा येत नाही. पिन किंवा ओटीपी स्वतःच दिला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा मात्र ग्राहकालाच सोसावा लागतो.