गुन्हेकथांच्या मालिका लिहायच्या आणि पुढे स्वतः काढायच्या असतील तर

दूरचित्रवाणीवरील गुन्हेकथांच्या लेखनात शिरू पाहणाऱ्या बहुतेक तरुणांकडे खून तयार असतो, तपास तयार नसतो. वाहिनीला हवा असतो तो तपास, कारण खून एका प्रसंगात उरकतो आणि अर्ध्या तासाच्या भागातली उरलेली वीसेक मिनिटे तपासावरच काढायची असतात. १९९८ साली सुरू झालेली ‘सीआयडी’ सलग २०१८पर्यंत चालली, त्याचे श्रेय मी दर आठवड्याच्या नव्या मृतदेहाला देणार नाही. तेच ओळखीचे अधिकारी आरोपीपर्यंत कसे पोहोचतात, हे पाहण्याची घराघरांना सवय लागली होती. म्हणून कथा नेहमी शेवटाकडून रचावी. आरोपी कोणत्या पुराव्यामुळे अडकला हे आधी पक्के करावे, तो पुरावा भागाच्या सुरुवातीलाच प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत ठेवावा आणि मगच संशयितांची गर्दी वाढवावी.

तपास शिकण्यासाठी ठाणेकरांना फार लांब जावे लागत नाही. जिल्हा व सत्र न्यायालयात बहुतेक खटले खुल्या न्यायालयात चालतात आणि मोबाइल बंद ठेवून मागच्या बाकावर शांत बसणाऱ्याला सहसा कोणी हटकत नाही; बलात्काराचे आणि ‘पोक्सो’ या बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालचे खटले मात्र बंद दाराआड चालतात. तिथे पंचाची उलटतपासणी आवर्जून ऐकावी. पंचनाम्यावर सही नेमकी कुठे केली, मुद्देमालाला लाखेचे सील तुमच्यासमोर लावले का, त्या वेळी उजेड कशाचा होता, अशा साध्या प्रश्नांवर पंच फितूर होतो आणि महिनोन्‌महिन्यांचा तपास ढासळतो. मालिकांत आरोपी चौकशीच्या खोलीत ढसाढसा रडून कबुली देतो आणि भाग संपतो. प्रत्यक्षात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात सहसा पुरावा ठरत नाही. आरोपीने दिलेल्या माहितीवरून लपवलेला कोयता सापडला, तर त्या शोधाशी थेट जोडलेला तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. हे एवढे कळलेला लेखक कबुलीपाशी थांबत नाही, तो कोयत्याच्या मागे जातो, आणि त्याचा भाग आपोआप सरस होतो.

कायद्याची कलमे बदलली आहेत, हेही ध्यानात ठेवावे. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या शिक्षेचे ३०२ हे कलम जाऊन १०३ आले, मात्र त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनेच कलम लागते. निवृत्तीला आलेला हवालदार ‘तीनशे दोन’ म्हणाला आणि नव्याने भरती झालेल्या उपनिरीक्षकाने त्याला दबकत सुधारले, तर दोन ओळींत दोन पात्रे उभी राहतात. अटकेनंतर आरोपीला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते, हा नियम तर आयते घड्याळच आहे.

आपल्या परिसराचा खरा खजिना म्हणजे हद्द. वाशीच्या खाडीपुलाखाली भरतीबरोबर एक मृतदेह वाहत आला असे समजा. पुलाचे एक टोक मुंबई पोलिसांकडे, दुसरे नवी मुंबई आयुक्तालयाकडे. बेपत्ता झाल्याची नोंद कळव्यात, म्हणजे ठाणे आयुक्तालयात. आणि तो माणूस लोकलमधून पडला असावा असा संशय आला की लोहमार्ग पोलीसही त्यात आले. पहिली नोंद अकस्मात मृत्यूची होते, मग इन्क्वेस्ट म्हणजे मृतदेहाचा पंचनामा, अंगावरचे कपडे, मनगटावरचे गोंदण, खिशातला भिजलेला पास, आणि शवविच्छेदनाचा अहवाल आल्यावर गुन्हा. इथे दोन पोलीस ठाण्यांच्या अंमलदारांतला फोनवरचा अदबशीर टोलवाटोलवीचा संवाद लिहिता आला, तर त्या लेखकाला संवादलेखनाचे काम मिळायला हरकत नाही.

काम मिळवायचे ते खालूनच. मराठी मालिकांत कथा, पटकथा आणि संवाद ही कामे बहुधा वेगवेगळी माणसे करतात. घोडबंदर रस्त्याच्या परिसरात मालिकांचे सेट असल्याने संवादलेखकाचा किंवा क्रिएटिव्ह टीमचा सहायक म्हणून उमेदवारी करणे ठाण्यातल्या मुलामुलींना सोयीचे पडते. सोबत एका भागाची पूर्ण पटकथा आणि आठ-दहा भागांच्या वनलाइन, म्हणजे कथेचे थोडक्यात गोषवारे, ठेवाव्यात. निव्वळ ‘माझ्याकडे भन्नाट कल्पना आहे’ या वाक्याला बाजारात किंमत नाही आणि नुसत्या कल्पनेला कॉपीराइटही नाही. लिहिलेला मजकूर कोणालाही पाठवण्यापूर्वी स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेकडे नोंदवावा. करारात श्रेयनामावलीतील नाव, मानधन मान्यतेवर मिळणार की प्रसारणानंतर, आणि काम मध्येच काढून घेतल्यास किती रक्कम देणार, या तीन गोष्टी लेखी असाव्यात. हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिलेले नसेल तर कायदा तो काळ पाच वर्षे धरतो. म्हणूनच निर्मात्याचा वकील ‘कायमस्वरूपी’ हा शब्द घालायला विसरत नाही.

खऱ्या घटनेवर लिहिताना नावे बदलली की झाले, असा एक भाबडा समज आहे. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि गाव, शाळा, वडिलांचा व्यवसाय तसाच ठेवला तर ओळख नाव न घेताही उघड होते. सुरुवातीला दाखवलेली ‘काल्पनिक’ची पाटी त्या वेळी वाचवत नाही.

लेखकाचा निर्माता होतो तो बहुधा क्रिएटिव्ह प्रोड्युसरच्या खुर्चीतून, कारण रात्रीच्या एका प्रसंगाला किती लाइट, किती माणसे आणि किती जेवणे लागतात हे तिथे कळते. ते कळले की पटकथेतला खाडीतला पाठलाग मुकाट्याने पार्किंगमध्ये येतो. वाहिनीचे पैसे भाग दिल्यावर काही महिन्यांनी येतात. जनरेटर आणि केटरिंगवाले तेवढे थांबत नाहीत. म्हणून निदान तीन-चार महिन्यांचे खेळते भांडवल हाताशी नसेल, तर स्वतःची संस्था काढण्याऐवजी मोठ्या निर्मात्याबरोबर भागीदारी करावी.

परवानग्यांसाठी आधी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाच्या एक खिडकी योजनेकडे अर्ज करावा. येऊरच्या जंगलासाठी वन विभाग आणि फलाटासाठी रेल्वे यांची संमती लागते, तेव्हा त्याची चौकशी पटकथा मंजूर होण्याआधीच सुरू करावी. खोट्या वर्दीतले कलाकार आणि नकली पिस्तुले घेऊन रस्त्यावर उतरण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवावे आणि त्या पत्राची पोच मिळालेली प्रत सेटवर सहायक दिग्दर्शकाच्या फाइलमध्ये ठेवावी.